पाहुण्यांसाठीं मांडलेला उत्सव

परदेशच्या प्रवाशानें यावें, चार दिवस राहावें आणि खिसा मोकळा करून जावें, एवढ्यासाठींच देशानें आपले वार्षिक उत्सव व खेळांचे सामने योजावे, हें मत अलीकडे सिद्धांताच्या थाटानें मांडलें जातें. कॅरिबियन समुद्रांतील अँटिग्वा हें त्याचें एक ठळक उदाहरण. अवघें १०८ चौरस मैलांचें बेट. पण एप्रिलच्या सुमारास शिडाच्या जहाजांच्या शर्यती, जुलै-ऑगस्टांत कार्निव्हल आणि मधूनमधून क्रिकेटचे कसोटी सामने, अशी त्याची जाहिरात होत आली आहे. याच उदाहरणावरून आम्हांस असें दाखवावयाचें आहे कीं, हें मत अभिरुचीच्या दृष्टीनें तर हीन आहेच, पण व्यवहाराच्या दृष्टीनेंही खोटें आहे.

प्रतिपक्षाचें सर्वांत बळकट म्हणणें प्रथमच मान्य करूं. ज्या साखरेवर हें बेट शतकानुशतकें जगलें, तिचा धंदा १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभीं बुडाला. आज प्रवाशांच्या पैशावाचून तेथें अनेकांची चूल पेटणें कठीण. ‘उपाशी पोटीं अभिमान काय कामाचा?’ असें कोणी विचारल्यास तो प्रश्न अनाठायीं नव्हे. पाहुण्याकडून पैसा मिळविण्यांत पाप नाहीं. प्रश्न एवढाच कीं, उत्सवाचा यजमान कोण?

दुसऱ्यांच्या उत्सवांत राबण्याचा अनुभव या बेटाला नवा नाहीं. १७३६ सालीं इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज याच्या राज्याभिषेकाच्या वार्षिक दिनानिमित्त मळेवाल्यांचा नृत्यसमारंभ व्हावयाचा होता. त्या रात्रीं दारूगोळ्यानें मालकांना उडवून द्यावें, असा कट गुलामांनीं रचला. तो फुटला आणि ८८ गुलामांना देहान्त शासन झालें. त्या कटाचा पुढारी क्लास आज तेथील राष्ट्रीय वीर मानला जातो. ज्या लोकांच्या स्मृतींत ही रात्र आहे, त्यांना ‘दुसऱ्यांच्या मौजेंतच तुमचें हित आहे’ असें सांगतांना थोडा संकोच वाटावयास नको काय?

आतां कार्निव्हल पाहा. १९५७ सालीं जुन्या नाताळ-उत्सवाच्या जागीं तो सुरू झाला, तेव्हां प्रवासी ओढावे हा हेतु त्यांत होताच. परंतु तो येतो ऑगस्टच्या आरंभीं. आणि या बेटावरील गुलामगिरी संपली ती १ ऑगस्ट १८३४ रोजीं. बहुतेक ब्रिटिश वसाहतींत उमेदवारीच्या नांवाखालीं गुलामांस आणखी कांहीं वर्षें जखडून ठेवलें. अँटिग्वांत त्याच दिवशीं पूर्ण मुक्तता झाली. आमच्या मतें कार्निव्हल रुजला तो या दिवसामुळें, जाहिरातीमुळें नव्हे. पहांटेच्या काळोखांत रस्त्यावर नाचणारा माणूस स्वतःच्या मुक्ततेचा दिवस पाळीत असतो. प्रवासी त्यांत मिसळला तर त्याचें स्वागतच होतें.

याच्या उलट प्रकार क्रिकेटांत घडला. सेंट जॉन्स शहराच्या वस्तींतील जुन्या मैदानावर रिचर्ड्सनें १९८६ सालीं ५६ चेंडूंत शतक केलें. लारानें १९९४ सालीं ३७५ व २००४ सालीं नाबाद ४०० धावा काढल्या. मोडलेला जबडा बांधून कुंबळे २००२ सालीं गोलंदाजीस उतरला तो येथेंच. तेथील सामना म्हणजे गाणें, बजावणें आणि थट्टामस्करी यांची जत्रा असे. पुढें २००७ च्या विश्वचषकासाठीं चीन सरकारच्या साहाय्यानें शहराबाहेर नवें मैदान बांधलें. तिकिटें महाग झालीं, वाद्यें नेण्यावर निर्बंध आले. साहजिकच गांवचा माणूस घरीं बसला. ज्यांच्यासाठीं हा खटाटोप, ते पाहुणे तरी आले काय? भारत व पाकिस्तान पहिल्याच फेरींत गारद झाले, आणि त्यांच्या पाठीराख्यांवर बांधलेले अनेकांचे हिशेब कोसळले. परक्या संघाच्या एका पराभवानें जो उत्सव ओस पडतो, त्याला व्यवहार म्हणावें कीं जुगार?

निसर्गानेंही जणुं पुरवणी जोडली. १३ फेब्रुवारी २००९ रोजीं या नव्या मैदानावर इंग्लंडविरुद्धचा कसोटी सामना अवघ्या दहा चेंडूंनंतर सोडून द्यावा लागला. जमीन इतकी वाळूमय कीं गोलंदाजाचा पाय रुतूं लागला. दोनच दिवसांनीं दोन्ही संघ शहरांतील जुन्या मैदानावर उतरले, आणि पांचव्या दिवशीं वेस्ट इंडिजच्या अखेरच्या जोडीनें सामना अनिर्णित राखला. टाकून दिलेल्या जुन्या घरानेंच यजमानाची लाज राखली!

म्हणून आमचें म्हणणें असें: पाहुण्यास अवश्य बोलवावें, त्याच्याकडून मोलही घ्यावें, पण उत्सवाचा दिवस, त्यांतील गाणें आणि मैदानावरची पहिली जागा घरच्यांची असावी. एकही पाहुणा न आला तरी हा उत्सव होईल काय, हा प्रश्न प्रत्येक योजकानें आधीं स्वतःस विचारावा. उत्तर नकारार्थी असेल, तर तो उत्सव नव्हे. तें दुकान होय, आणि गिऱ्हाईक फिरकलें नाहीं कीं दुकान बंद पडतें.