कोडच्या वर्गात मराठी आणि जमाखर्च

लासूर स्टेशनच्या बाजारात कांदा विकणाऱ्या शेतकऱ्याची हिशोबपट्टी संगणकावर करायची, तर कोडच्या पहिल्या ओळीआधी वजन, भाव, हमाली, तोलाई यांचा क्रम कळायला हवा. वजन क्विंटलमध्ये की किलोत, कपात कधी, पैसे कुठे पूर्णांकात आणायचे, याची उत्तरे पायथॉनच्या पुस्तकात नसतात. ती वाणिज्याच्या वर्गात आणि बाजाराच्या ओट्यावर मिळतात. तरीही संगणकाकडे वळलेल्या मुलाला जमाखर्च आणि भाषा ‘पास होण्यापुरते’ करायला सांगतात, घरचेही आणि क्लासवालेही. २०२० साली वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी पायथॉन शिकणाऱ्या ३६ प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या प्रगतीतला सुमारे १७ टक्के फरक भाषा शिकण्याच्या क्षमतेशी जुळला, तर अंकज्ञानाशी जेमतेम २ टक्के.

नमुना लहान आहे, शिवाय सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हा आक्षेप रास्तच. गणित टाकून द्यावे असे तर त्यातून मुळीच निघत नाही. कन्नडच्या घाटापलीकडे पाटणला ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभारला गेला, त्या भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त गणिते श्लोकांत घातली. तिथे वाक्य उलगडल्याखेरीज आकडेमोड सुरूच होत नाही. राहिला वेळेचा प्रश्न. भाषा आणि जमाखर्चासाठी वेगळा तास नको. पुस्तपालनातलीच उदाहरणे प्रोग्रामसाठी घ्यावीत आणि आपला कोड काय करतो, हे विद्यार्थ्याला दहा ओळी मराठीत लिहायला लावावे. ज्याला ते जमत नाही, त्याने कोड बहुधा कुठून तरी उचललेला असतो.