हक्क कायद्यात, मूल दाराबाहेर

समावेशक शिक्षणाच्या प्रगतीचा डांगोरा पिटणाऱ्या राज्यकर्त्यांना एकच प्रश्न विचारला पाहिजे : कष्टकऱ्याच्या अपंग मुलाला शिकवणारा शिक्षक कुठे आहे?

प्रगती झालीच नाही, असे कोणी म्हणणार नाही. १९७४ साली केंद्राने अपंग मुलांना सर्वसाधारण शाळांत सामावून घेण्याची योजना सुरू केली. १९९५ च्या कायद्याने त्यांच्या मोफत शिक्षणाची जबाबदारी शासनावर टाकली. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे मान्य प्रकार ७ वरून २१ वर नेले. हे कोणाच्या औदार्याचे फळ नव्हे. अपंगांच्या संघटनांनी झगडून मिळवलेला हा हक्क आहे.

परंतु कायदा आणि वर्गखोली यांतील अंतर राजधानीतच उघडे पडते. शाळांत विशेष शिक्षक नेमा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाला सप्टेंबर २००९ मध्ये द्यावा लागला. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी प्रमाण ठरवून दिले : प्राथमिक स्तरावर १० अपंग विद्यार्थ्यांमागे एक, त्यापुढे १५ विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक. आणि मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला राज्यांना बजावावे लागले की, निदान पदे तरी जाहीर करा!

ही दिरंगाई अपघाती नाही. कायम पद म्हणजे कायम वेतन. म्हणून कंत्राटी शिक्षकांवर वेळ मारून नेली जाते. राष्ट्रीय उत्पन्नाचा ६ टक्के भाग शिक्षणावर खर्च करावा, असे कोठारी आयोगाने १९६६ साली सुचवले होते. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तोच आकडा पुन्हा लिहिला. तो आजवर गाठलेला नाही.

दुसरीकडे, दिल्लीतील अनेक खाजगी शाळा सवलतीच्या दराने मिळालेल्या सरकारी जमिनीवर उभ्या आहेत. त्या बदल्यात गरीब मुलांना प्रवेश देण्याची अट पाळा, हे सांगायलाही २००४ साली उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. शिक्षणहक्क कायद्याने २५ टक्के जागा दुर्बल व वंचित मुलांसाठी राखल्या, तेव्हा खाजगी शाळांच्या संघटना व्यवसायस्वातंत्र्याची ढाल पुढे करून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. एप्रिल २०१२ मध्ये तो कायदा टिकला; त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अपंग मुलांनाही वंचित घटकात स्थान मिळाले. जमीन जनतेची, दरवाजा मात्र धनिकांचा, हा या व्यवस्थेचा न्याय!

शेतकऱ्यांच्या घामातून जमणारा महसूल वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर उधळला जातो, हे जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडले होते. सत्ताधारी बदलले, तो हिशेब अजून चुकता झालेला नाही.

पंचवीस टक्क्यांचा हक्क राखलाच पाहिजे; पण तेवढ्यावर समाधान मानणे म्हणजे उरलेल्या बहुसंख्य मुलांना वाऱ्यावर सोडणे होय. विशेष शिक्षकांची पदे कायम स्वरूपात भरली जावीत आणि कोठारी आयोगाने सुचवलेली परिसरशाळा, म्हणजे वस्तीतील प्रत्येक मुलाची एकच शाळा, प्रत्यक्षात यावी, यासाठी शिक्षक, पालक आणि कामगार संघटनांनी एकत्र उभे राहणे अपरिहार्य आहे. न्यायालये आदेश देऊ शकतात. त्यांची अंमलबजावणी संघटित जनताच करवून घेते.