जपानी व्हिस्की : चाखणे वेगळे, पिणे वेगळे

"डॉक्टर, ही साधी नाही, जपानी आहे. महागाची आहे. ही तर चालेल ना?" रक्तदाब, मधुमेह किंवा फॅटी लिव्हरसाठी येणारे रुग्ण हल्ली असे विचारतात. कोणाचा मुलगा परदेशातून बाटली आणतो, कोणी विमानतळावर घेतो. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

ही व्हिस्की आहे तरी काय?

मासाताका ताकेत्सुरू हा जपानी तरुण 1918 मध्ये स्कॉटलंडला गेला आणि व्हिस्की बनवण्याचे तंत्र शिकून आला. शिंजिरो तोरी यांनी 1923 मध्ये क्योतोजवळ यामाझाकी येथे कारखान्याची सुरुवात केली. ताकेत्सुरू आधी तिथे होते, पुढे 1934 मध्ये त्यांनी उत्तरेकडे योइची येथे स्वतःचा कारखाना काढला.

'ब्लेंडेड' म्हणजे मिश्रण. जव भिजवून, मोड आणून केलेली माल्ट व्हिस्की आणि मका वगैरे धान्यांची हलकी ग्रेन व्हिस्की एकत्र करतात. 1989 मध्ये आलेली 'हिबिकी' हे याचे प्रसिद्ध उदाहरण. अनेक पिंपांतली व्हिस्की हुंगून त्यांचा मेळ घालणे, हे ब्लेंडरचे काम. ते मुख्यतः नाकाचे आहे, घशाचे नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

चाखतात कशी?

जिभेला गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच चवी कळतात. बाकी सगळी 'चव' म्हणजे वास. म्हणून तोंडाशी निमुळत्या ग्लासात अगदी थोडी, 15 मिली व्हिस्की घेतात. ग्लास नाकात खुपसायचा नाही, नाहीतर अल्कोहोलच्या झोताने नाक बधिर होते. थोडे पाणी घातले की झोंबणे कमी होते आणि वास उलगडतात. मग एक लहान घोट, तो तोंडात फिरवायचा आणि गिळल्यावर मागे काय उरते ते पाहायचे. हिबिकीत मध, संत्र्याची साल असे वास सांगतात. मिझुनारा या जपानी ओकच्या पिंपांमुळे चंदनाची, उदबत्तीची आठवण येते.

आपल्याकडची पद्धत नेमकी उलट. 60 मिलीचा पेग, वर कोला, बशीत तिखट शेव आणि खारे दाणे. नाव 'चखणा', पण त्यात चाखणे काहीच होत नाही!

लिव्हर लेबल वाचत नाही

आता हिशेब. 43 टक्के अल्कोहोलच्या 60 मिली व्हिस्कीत सुमारे 20 ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे जवळजवळ 140 कॅलरी. बाटली स्वस्त असो वा महाग, हा आकडा बदलत नाही. जपानी लोक पाणी घालून 'मिझुवारी' किंवा सोडा घालून 'हायबॉल' पितात. त्याने तीव्रता कमी होते, अल्कोहोलचे ग्रॅम तेवढेच राहतात.

"जपानी माणसे पितात, तरी दीर्घायुषी असतात" हा युक्तिवादही टिकत नाही. त्यांच्यापैकी अनेकांच्या शरीरात अल्कोहोलपासून तयार होणारे ॲसिटाल्डिहाइड नीट मोडत नाही. चेहरा लाल होतो, आणि असे लोक पीत राहिले तर अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो.

अल्कोहोल कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1988 मध्येच नोंदवले. पूर्णपणे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही, असे संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट केले. "थोडी हृदयाला चांगली" म्हणणाऱ्या जुन्या अभ्यासांत न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही मोजले गेले होते. त्यामुळे थोडे पिणारे उगाच निरोगी दिसले.

माझे मत

मी कोणाला व्हिस्की लिहून देणार नाही. जे पीत नाहीत, त्यांनी कोणाच्या रसिकतेला भुलून सुरू करू नये. पण जे पितातच, त्यांना मी म्हणेन की चाखायला शिका. रसिकतेची खरी कसोटी प्रमाणात आहे. 15 मिलीवर अर्धा तास रमणारा रसिक. तीन पेग रिचवून "काय स्मूद आहे!" म्हणणारा फक्त महागडे पितो.

मात्र खालील व्यक्तींनी चाखूही नये :

- लिव्हरचा आजार किंवा पूर्वी स्वादुपिंडाला सूज आलेले रुग्ण
- गर्भवती स्त्रिया
- झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या घेणारे
- दारू सोडलेले. त्यांच्यासाठी एक घोटही थोडा नसतो.
- त्यानंतर गाडी चालवणार असलेले

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर उपाशीपोटी घेतलेल्या दारूने साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. चक्कर, घाम, बरळणे ही लक्षणे घरच्यांना 'चढली' असे वाटते आणि उपचाराला उशीर होतो. आपली औषधे कोणती आहेत, हे आधी डॉक्टरांना विचारा. आणि किती घेता ते खरे सांगा. आम्ही रागावत नाही, औषध ठरवतो.