माकडांच्या नावावर पावती



आपल्या मराठीतली षष्ठी विभक्ती फार लबाड आहे बरं का. 'रामाचं पुस्तक' म्हटलं की ते रामाने विकत घेतलेलं, रामाने लिहिलेलं की रामावर लिहिलेलं, काही म्हणजे काही कळत नाही. पोरांना व्याकरण शिकवताना हे उदाहरण मी नेहमी द्यायची. आता 'माकडांचा मलेरिया' हा शब्द घ्या. माकडांना होणारा मलेरिया, माकडांनी दिलेला मलेरिया, की माकडांनी केलेला मलेरिया? तिन्ही अर्थ निघतात, आणि लोक नेमका तिसरा उचलतात!

हे सुचायचं कारण म्हणजे सध्या फिरणारं एक ढकलपत्र. 'माकडांपासून नवा मलेरिया, सावधान!' आणि खाली दात विचकणाऱ्या वानराचं चित्र. आमच्या नात्यातल्या शिकल्यासवरल्या मंडळींनीही ते पुढे ढकललं. एकाने तर 'माकडांचा बंदोबस्त करायलाच हवा' असा शेराही मारला. मी बी.ए. मराठीची, शास्त्राची नव्हे. पण वाचता येतं, आणि वाचल्यावर राग येतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

तर आधी हकिगत. या मलेरियाच्या जंतूचं नाव प्लास्मोडियम नोलेसाय. १९३२ साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रॉबर्ट नोल्स आणि बी. एम. दासगुप्ता या दोघांनी दाखवून दिलं की सिंगापूरहून आणलेल्या लांब शेपटीच्या माकडाच्या रक्तातला हा जंतू माणसालाही बाधतो. जंतूला नाव मिळालं नोल्ससाहेबांचं. दासगुप्ता राहिले बाजूला. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय! पण तो जंतू माणसाच्या अंगात गेला कसा? माकडाने चावून नव्हे, आपणच सुईने घातला. पुढे काही वर्षं तर युरोपात मेंदूपर्यंत गेलेल्या उपदंशावर इलाज म्हणून मुद्दाम हा ताप रुग्णांना देत असत. म्हणजे या ओळखीचा पहिला नमस्कार आपणच घातलेला.

आता ज्या जंगलात हा जंतू खरोखर राहतो तिथे जाऊ. मलेशियातला सारावाक प्रांत, बोर्निओ बेट. तिथल्या कापित भागातले मलेरियाचे रुग्ण डॉ. बलबीर सिंग आणि डॉ. जॅनेट कॉक्स-सिंग यांनी तपासले आणि २००४ साली निष्कर्ष छापले. २०८ रुग्णांपैकी १२० जणांच्या रक्तात हा नोलेसाय निघाला. सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसतो प्लास्मोडियम मलेरीसारखा, म्हणजे सौम्य जातीसारखा. म्हणून इतकी वर्षं तो सौम्य म्हणूनच नोंदला जात होता. आणि हा गडी मुळीच सौम्य नाही. तो दर चोवीस तासांनी वाढतो. वेळेवर ओळखला तर नेहमीच्या औषधांनी बरा होतो, पण उशीर झाला तर माणूस दगावतो.

त्याच भागातली १०८ रानमाकडं तपासली तेव्हा ९४ टक्क्यांच्या रक्तात कुठला ना कुठला मलेरिया होता, आणि ७८ टक्क्यांत नोलेसाय. आकडा वाचून दचकलात ना? ढकलपत्रवाले इथेच थांबतात. पण पुढचं वाचा. तिथली ही माकडं त्याने फारशी आजारी पडत नाहीत. त्यांचं नि जंतूचं फार जुनं जमलेलं आहे. जनुकांच्या हिशेबाने हा जंतू किमान लाखभर वर्षांचा असावा, म्हणजे त्या प्रदेशात माणसाने बिऱ्हाड थाटलं त्याच्याही आधीचा. (आपल्याकडच्या तांबड्या तोंडाच्या माकडाला मात्र तोच जंतू टोचला तर ते बिचारं काही दिवसांत मरतं. सगळी माकडं एकाच माळेची नसतात.)

आता मला सांगा, लाखभर वर्षं जो जंतू माकडात सुखाने नांदत होता, तो आजच माणसांच्या मागे का लागला? माकडांनी काही सभा घेऊन ठराव पास केला का?

कारणं एकाहून अधिक आहेत, आणि ती प्रामाणिकपणे सांगायला हवीत. एक, आता तपासणी चांगली झाली, म्हणून आधी न दिसणारे रुग्ण दिसू लागले. दोन, माणसांचा मलेरिया कमी झाला, तशी त्यातून अंगात येणारी थोडीफार प्रतिकारशक्तीही ओसरली असावी. आणि तीन, जंगल. सबाह प्रांतातल्या चारशेहून अधिक गावांचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ज्या गावांभोवतीचं जंगल आधीच्या वर्षांत तुटलं होतं, तिथे या मलेरियाचं प्रमाण जास्त आढळलं. जंगल तुटलं की माकडं उरल्यासुरल्या झाडीत दाटीने राहतात, मळ्याच्या बांधापर्यंत येतात. त्यांच्यामागे डास येतात. आणि त्याच बांधावर माणूस कोयता घेऊन उभा असतो. हे डास उघड्यावर, तिन्हीसांजेला आणि रात्री चावतात. घरात मच्छरदाणी लावा नाहीतर भिंतीवर फवारा, मळ्यातून परतणाऱ्या मजुराला त्याचा काय उपयोग?

आणि हे मळे कसले? पुष्कळसे पाम तेलाचे. भारत हा पाम तेलाच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक. बिस्किटाच्या, फरसाणाच्या पुड्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते चष्मा लावून जरा वाचा. शेवेचा बकाणा भरत 'माकडं मारा' लिहिणं सोपं आहे हो!

आता माकडं मारण्याचं बघू. हा प्रयोग जगात होऊन गेलेला आहे. २०१७ साली ब्राझीलमध्ये पीतज्वराची साथ आली तेव्हा घाबरलेल्या लोकांनी माकडं मारली. तिथल्या आरोग्य खात्याला जीव तोडून सांगावं लागलं की बाबांनो, हा रोग डासांनी पसरतो. माकडं आधी मरतात म्हणून तर आपल्याला साथीची चाहूल लागते. पहारेकऱ्यालाच मारलंत तर चोर आला हे सांगणार कोण? २०२२ साली मंकीपॉक्सच्या नावातला 'मंकी' वाचून तिथेच पुन्हा माकडांवर विषप्रयोग झाले. नावात काय आहे म्हणणाऱ्यांना माझं हे उत्तर.

आणखी एक गंमत ऐका. त्याच ब्राझीलच्या जंगलातल्या माकडांत प्लास्मोडियम सिमियम नावाचा मलेरिया आहे. २०१५-१६ मध्ये रिओ द जानेरोजवळच्या जंगलात तो माणसांना झाला. झालं, पुन्हा माकडं आरोपी. पण शास्त्रज्ञ म्हणतात की हा सिमियम म्हणजे माणसांच्याच व्हायवॅक्स मलेरियाचा वंशज, माणसांनी अमेरिकेत नेलेला. म्हणजे आधी आपण त्यांना दिला, मग त्यांच्याकडून आपल्याला परत आला. उसनं परत आलं की त्याला चोरी म्हणायचं का?

आपल्याकडेही वेगळं नाही. १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात जो ताप सापडला, त्याला सगळे म्हणतात 'माकडताप'. २०१६पासून सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे लोकांनी तो भोगला आहे. तो पसरवते गोचीड, आणि माकडं स्वतः त्याने पटापट मरतात. जो आधी मरतो त्याचंच नाव रोगाला! घरात पहिल्यांदा आजारी पडलेल्या सुनेला 'पांढऱ्या पायाची' म्हणायचे, त्यातलाच हा प्रकार.

कोकणातले माझे नातेवाईक आता म्हणतील, 'मावशी, तुला काय जातंय? नारळ, काजू, केळी सगळं माकडं संपवतात.' खरं आहे. तुमचं नुकसान खोटं नाही, आणि त्याची भरपाई, बंदोबस्त यावर तुम्ही भांडायलाच हवं. पण ते भांडण नुकसानीच्या नावाने करा, रोगाच्या नावाने नको. एका खटल्यातला राग दुसऱ्या खटल्यात साक्ष म्हणून चालत नाही.

आणि मला सर्वांत जास्त खुपतं ते वेगळंच. मलेशियाने २०१८पासून माणसांच्या मलेरियाचा स्थानिक रुग्ण शून्यावर आणला. मोठंच काम, त्यांचं कौतुकच आहे. पण त्याच २०१८ साली तिथे नोलेसायचे ४,१३१ रुग्ण होते. त्यांचा रकाना वेगळा. हिशेबाला ते बरोबरही असेल, कारण हा जंतू वेगळा आहे. पण त्या रकान्यातला माणूस कोण? मळ्यातला मजूर, लाकूडतोड्या, जंगलाकाठचा शेतकरी. थंडी वाजून त्याचे दात तसेच कुडकुडतात. शून्याच्या टाळ्या वाजवताना तो शेजारचा रकाना वाचायचा राहू नये, इतकंच माझं म्हणणं.

हे परदेशातलं, आपल्याला काय, असं म्हणू नका. लांब शेपटीची ही माकडं भारतातही आहेत, निकोबार बेटांवर. ग्रेट निकोबारमध्ये बंदर आणि विमानतळाच्या प्रकल्पासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल वळवायला २०२२ साली मंजुरी मिळाली. त्या जंगलात हीच माकडं राहतात. तिथे हजारो मजूर जातील. प्रकल्प हवा की नको यावर मोठमोठे लोक भांडताहेत. मी एवढंच विचारते की त्या मजुरांच्या तापाचा खर्च कुणाच्या वहीत लिहिलाय? जंतूची नेमकी जात ओळखणारी तपासणी तिथल्या दवाखान्यात असणार का? संध्याकाळी उघड्यावर काम करणाऱ्याला काय संरक्षण? आणि उद्या तिथे ताप आलाच, तर पावती कुणाच्या नावावर फाडणार, हे मी आजच सांगून ठेवते. ज्याला लिहिता-वाचता येत नाही, कोर्टात जाता येत नाही आणि ज्याचा व्हॉट्सॲपवर गट नाही, त्याच्या!

लांब शेपटीच्या या माकडाला २०२२ सालीच जागतिक यादीत 'धोक्यात' असं नोंदवलं आहे. त्याला आपल्या बंदोबस्ताची गरज नाही. बंदोबस्त करायचाच तर डासांचा करा, उशिरा होणाऱ्या तपासणीचा करा, हिशेब न ठेवता जंगल तोडण्याचा करा. आणि हे काहीच जमत नसेल तर निदान ते ढकलपत्र तरी पुढे ढकलू नका. तेवढं तर आपल्या बोटात आहे.

बघा, पटतंय का. नसेल पटत तर भांडायला या, चहा ठेवते.