लवचिकता कुणाच्या पोटाची?

कारखान्याच्या शास्त्राचे पंडित 'लवचिकता' हा शब्द फार लाडाने उच्चारतात. मागणी आज चढते, उद्या पडते, म्हणून कारखान्याला वाकता आलं पाहिजे. कबूल! पण वाकायचं कुणी, ते सांगा की.

मशीन वाकतं. टोयोटात हजार टनी प्रेसचा डाय बदलायला चार तास जायचे. १९६९ साली शिगेओ शिंगोने डोकं लावलं. जी तयारी प्रेस चालू असताना होते ती आधीच उरकायची. काम तीन मिनिटांवर आलं. मग एकाच प्रेसवर थोडा हा भाग, थोडा तो. माल गोदामात पडून राहत नाही. माणसाचा हातही वाकतो. एकाला चार कामं आली की मागणी जिकडे, तिकडे माणूस.

आता मुंबईच्या कापड गिरण्या बघा. आमचे बापजादे रिंगखात्यात चालायचे. विणकामाच्या साचेखात्यात, जिथे पगार जास्त, तिथे नाही. का? तर नवी कांडी घातली की धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे. आमचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार! अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने असले धोटे १९११ सालीच रोगराईच्या भीतीने कायद्याने बंद केले होते. इथे धोटा बदलला नाही, माणूस बाहेर ठेवला. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल पुढाऱ्यांपुढे टाकला, तेव्हा कामगार-एकीवाल्यांची जीभ जड झाली. मालकाला तरी कुठे टोचत होतं?

मग मागणीची तेजी-मंदी सांभाळली कुणी? बदलीवाल्याने. रोज सकाळी फाटकावर उभं राहायचं. गरज असली तर आत, नाहीतर चाळीत परत. १९३५ पासून बदलीचं कार्ड आलं, कामाची हमी नाही आली. टोयोटाने मालाचं गोदाम रिकामं केलं, आमच्याकडे फाटकाबाहेर माणसांचं गोदाम भरलं. त्याला भाडंसुद्धा नाही! १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, तेव्हा बदलीवाल्याला कायम करा ही मागणी उगाच नव्हती.

२०१८ साली केंद्र सरकारने 'निश्चित मुदतीची नोकरी' सगळ्या उद्योगांना खुली केली. नाव नवं, फाटक तेच.

लवचिकता पाहिजे ना? घाला पैसा डाय बदलण्यात. चार कामं शिकवा, शिकलेल्याला मंदीतही पगार द्या. आणि चांगल्या मशीनवर शिकायला कुणाकुणाला घेता, झाडूला कुणाला ठेवता, ती यादी एकदा फाटकावर लावा. आडनावांसकट.