चेहरा आईचा, घास आजीचा

घरी न्यायच्या आहाराचं (टीएचआर) पाकीट हाती देण्याआधी पोषण ट्रॅकरवर चेहरा जुळवा, असा हुकूम १ जुलै २०२५ पासून लागू आहे. तेव्हापासून आमच्या टपालात दुसरा विषय नाही. ओटीपी जातो बापाच्या मोबाईलवर आणि बाप असतो खाणीच्या पाळीवर. माय इकडे वरोऱ्याला निंदणात, तिकडे सिंदेवाहीकडे बांधीत रोवणीला. ती दिवस बुडता घरी येते तेव्हा अंगणवाडीला कुलूप. मग ताई तिच्या घरी जाणार, मिणमिणत्या उजेडात तिला डोळे मिचकवायला सांगणार, आणि नेमकी रेंज गेलेली असणार. पर्यवेक्षिकेला सांगावं, तर तिला बीटच्या टक्केवारीची काळजी.

ज्या चेहऱ्यासाठी एवढा खटाटोप, तो दिवसभर लेकराजवळ नसतोच. वर्षाच्या आतबाहेरच्या लेकराला दुपारी भरवते आजी, नाहीतर आठ-नऊ वर्षांची बहीण. ॲपला वजन हवं, उंची हवी, आता चेहराही हवा. घास कोणी दिला, कसा दिला, लेकरानं तोंड कधी फिरवलं, हे विचारावं असं कुणाला सुचलं नाही.

बरं, हे खात्याला ठाऊक नाही असंही नाही. सॅम, म्हणजे अतितीव्र कुपोषित, लेकराची भूक चाचणी आठवा. शांत जागा, हात धुतलेली आई, मांडीवर लेकरू, हळूहळू घास, मध्ये पाणी, जबरदस्ती अजिबात नाही, वेळ पडली तर तासभर थांबा. भरवण्याचा अख्खा धडा त्या एका पानावर आहे. पण तो उघडायचा केव्हा, तर दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेल्यावर! १२ वर असलेल्या लेकराच्या घरून आपण 'पूरक आहाराबाबत सल्ला दिला' एवढं लिहून परत. (किती रजिस्टरांत हे वाक्य एकाच दिवशी, एकाच पेनानं, वरपासून खालपर्यंत लिहिलेलं असतं, ते आम्हीही पाहिलंय.)

लेकरू खात नाही म्हणून आजीवर मात्र खापर फोडू नका. इंग्लंड-वेल्समध्ये २००७ साली जन्मलेल्या जुळ्यांच्या अभ्यासात दिसलं, की लेकरालेकरांच्या भुकेतला फरक बराचसा जन्मजात असतो. जोर केला की लेकरू घासाला बिचकतं. पण ते खात नाही म्हणूनही घरचे जोर करतात. तिकडची चिंता लठ्ठपणाची, म्हणून 'लेकरू खाईल तेवढंच' हा त्यांचा सल्ला एटापल्लीच्या टोल्यावर जसाच्या तसा चालायचा नाही. कुपोषण, ताप, जुलाब यांनी भूकच मंदावते. असं लेकरू मागत नाही, याचा अर्थ त्याचं पोट भरलं असा नव्हे. त्याच्याशी बोलत, हसवत, थांबून पुन्हा घास पुढे करावा लागतो. तेलंगणातल्या नलगोंडा भागात ६० खेड्यांत झालेल्या अभ्यासात काही गावांत घरोघरी जाऊन हेच शिकवलं, जोडीला खेळवणंही. १५ महिन्यांची झाल्यावर त्या गावांतल्या लेकरांची बौद्धिक वाढ उजवी निघाली.

तायांनो, आशांनो, दिल्ली रकाना पाठवील म्हणून थांबू नका. लहान लेकरांच्या घरभेटींच्या कार्यक्रमात (एचबीवायसी) ३, ६, ९, १२, १५ महिन्यांच्या भेटी आहेतच. पुढच्या भेटीला दुपारी जा, भरवणारी घरी असेल तेव्हा, आणि जेवण संपेपर्यंत बसा. सल्ला देऊ नका, बघा. लेकराची वाटी वेगळी आहे की भावंडांच्या ताटातलंच? चहा-बिस्कीट किती वाजता झालं? नाक दाबून कोंबतात, की ताट पुढ्यात सारून निघून जातात? डायरीच्या मागच्या पानावर लिहा आणि आमच्याकडे पाठवा, अक्षर कसंही असो.

अन्नप्राशन दिवसाला या वेळी आज्यांना आणि बहिणींना बोलवा. फोटोत आया दिसत नाहीत म्हणून कुणी लेखी खुलासा मागितला, तर तेही पत्र पाठवा. पुढच्या अंकात पहिल्या पानावर छापू.