पॉपाय, पालक आणि सहा शब्द

काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या प्रकल्पासाठी एका विद्यार्थिनीने आमच्याकडे ‘चिंटू’ हा विषय मागितला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका १९९१ साली ‘सकाळ’मध्ये सुरू झाली, या मुलीच्या वाचनाचा आरंभच तिच्यापासून झाला होता. ती कविता लिहीत असे आणि वहीच्या समासात चित्रे काढीत असे. आम्ही तिघांनी विषय ऐकला, हसलो आणि तिला ‘मराठी बालकवितेतील निसर्ग’ हे शीर्षक दिले. तिने काम चोख केले, तक्रार केली नाही.

कवी काय वाचतो, काय पाहतो, याची नोंद घेताना आपली समीक्षा ज्ञानेश्वर, तुकाराम, फार तर एलियट इथपर्यंत मोकळेपणाने जाते. पुढे तिचा हात आखडतो. अरुण कोलटकरांनी युनीस डिसूझा यांना दिलेल्या मुलाखतीत स्वतःवरील प्रभावांची लांबलचक यादी सांगितली होती. तीत जनाबाई आणि पठ्ठे बापूराव यांच्या पंक्तीला अगाथा ख्रिस्ती आहे, लॉरेल-हार्डीही आहेत. ही यादी आम्ही वर्गात वाचून दाखवतो. मुले हसतात आणि आम्ही पुढच्या मुद्द्याकडे वळतो. कोलटकर गंमत करीत होते, अशी स्वतःची समजूत घालणे सोयीचे असते.

न्यूयॉर्कच्या कवींपुढे मात्र ही समजूत टिकत नाही. फ्रँक ओहारा १९५१ साली तिथल्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये दर्शनी टेबलावर काम करू लागला आणि पुढे तिथेच चित्रप्रदर्शनांची मांडणी करू लागला. १९६४ साली आलेल्या त्याच्या संग्रहाचे नावच ‘लंच पोएम्स’: जेवणाच्या सुट्टीतल्या कविता. रस्ता, सँडविच, पुस्तकाचे दुकान, कुणा मित्राचे चित्र, जे दिसले ते कवितेत. त्याच सुमारास जो ब्रेनार्ड या चित्रकाराने ‘सी कॉमिक्स’ काढले. चौकटी ब्रेनार्डच्या आणि फुग्यांतले शब्द ओहारा, जॉन ॲशबेरी, केनेथ कॉक या कवींचे. याला उनाडपणा म्हणावयाचे असेल तर म्हणावे.

पण ॲशबेरीचे काय करावे? ‘फार्म इम्प्लिमेंट्स अँड रूटाबागाज इन अ लँडस्केप’ हे त्याच्या कवितेचे नाव एखाद्या संग्रहालयातील निसर्गचित्राखालच्या पट्टीसारखे आहे. आत मात्र पॉपाय, ऑलिव्ह, विम्पी ही मंडळी वावरतात; म्हणजे ई. सी. सेगरच्या ज्या चित्रमालिकेत पॉपाय १९२९ साली प्रथम आला, तिच्यातली पात्रे. आणि ही कविता सेस्टिना आहे. प्रोव्हान्सच्या बाराव्या शतकातील कवींचा हा छंदोबंध: सहा ओळींची सहा कडवी, अखेरीस तीन ओळी, प्रत्येक कडव्यात ओळीअखेरचे तेच सहा शब्द ठरलेल्या क्रमाने फिरून येतात. या सहांपैकी एक शब्द आहे पालक! पॉपायला बळ देणारी ती भाजी एकोणचाळीस ओळींच्या शिस्तीत पुनःपुन्हा ताटात येते आणि दर खेपेस तिची चव निराळी लागते. रोज तीच पात्रे, तीच खोली, तीच भांडणे, हा चित्रमालिकेचा स्वभाव आणि सेस्टिनाचा स्वभाव एकच आहे, हे ॲशबेरीने ओळखले. आमच्या मते ही काव्यदृष्टीच आहे. हिला विनोद म्हणून बाजूस सारता येत नाही.

येथे उलट बाजूची चूकही आम्हांस रोज दिसते. सकाळी सुचले, दुपारपर्यंत लिहिले आणि संध्याकाळी त्याला कविता म्हटले, अशा वह्या आमच्या टेबलावर येतात. त्या आणणारे ओहाराचेच नाव पुढे करतात. ओहाराच्या सहजतेमागे चित्रांसमोर वर्षानुवर्षे उभे राहिलेली नजर होती, हे त्यांना ऐकावयाचे नसते. तथापि या वह्यांवर रागावताना आम्ही नेमक्या त्या मुलीलाही त्यांत मोजले. तिला चित्रमालिकेची रचना तपासावयाची होती. दैनंदिन पुनरावृत्ती, तीन-चार चौकटींत बसणारा काळ, अखेरच्या चौकटीचा धक्का, असे मुद्दे तिने कच्च्या टिपणात लिहून आणले होते. छंदशास्त्राच्या तासाला आम्ही याहून वेगळे काय शिकवितो?

तिच्या प्रकल्पाची प्रत अजून विभागाच्या कपाटात आहे. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने काढलेल्या चार चौकटी आहेत आणि त्यांखाली, आमच्यापैकी एकाच्या अक्षरात, लाल शाईचा शेरा: ‘खोडावे.’ तिने खोडलेले नाही.